एक्कावन्नची पिकअप

"सत्तेचाळीस लिहा, बाई. बुकात तेच आहे. आम्हाला फक्त तुमचा शिक्का हवा."

असं म्हणून दिगंबर हळदणकरांनी गाडीचं आरसी बुक माझ्या टेबलावर टाकलं आणि समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसले. चौऱ्याण्णव सालचा फेब्रुवारी होता. कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज होतं. गाड्या दुरुस्त करायचे माझे यजमान शामराव. माझं काम वेगळं होतं. जुन्या गाडीचं नेमकं साल कोणतं, हे मी ओळखून द्यायची. कंपन्यांची जुनी पुस्तकं मी रद्दीतून जमवली होती, परदेशातल्या मोटार क्लबांना पत्रं लिहून चित्रं मागवली होती. कुठला स्क्रू कोणत्या साली आला आणि कोणत्या साली गेला, हे मला नातेवाइकांच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ होतं. पुण्या-मुंबईहून लोक यायचे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात साल सिद्ध करायला कागद लागतो, आणि बेलेकरबाईंच्या कागदावर सहसा कुणी हरकत घेत नसे.

अंगणात हिरवी अमेरिकन पिकअप उभी होती. फुगीर मडगार्ड, पुढं पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, मागं मालाचा हौदा.

"वडिलांची," हळदणकर म्हणाले. "दिवाळीत गेले. मरेपर्यंत वखारीच्या शेडमध्ये झाकून ठेवली होती. आम्हालासुद्धा हात लावू देत नव्हते. आता वारसाहक्कानं माझ्याकडं आली. पुढच्या महिन्यात मेळावा आहे, स्वागताध्यक्ष मीच. पन्नासच्या आधीच्या गाड्यांचा मान वेगळा असतो, तुम्हाला सांगायला नको."

"नको," मी म्हणाले.

त्यांना मी दारातून आत येतानाच ओळखलं होतं. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं, पण डावा खांदा जरा खाली टाकून चालायची लकब तीच. त्यांनी मला ओळखायचं काही कारण नव्हतं. पदर कमरेला खोचलेली, नखांत ग्रीस गेलेली गॅरेजवाली बाई. तिच्याकडं कोण दुसऱ्यांदा बघतो?

"अशी एकच गाडी होती तुमच्याकडं?" मी विचारलं.

"दोन होत्या. सारख्याच दिसायच्या. ही जुनी, सत्तावीस नंबरची. दुसरी नवी, चाळीस नंबरची. ती त्रेसष्ट साली घाटात गेली. ड्रायव्हर प्यालेला होता. तीन माणसं मेली." त्यांनी खिशातून सुपारी काढली. "आमच्या वडिलांनी त्या ड्रायव्हरला वकीलसुद्धा करून दिला. पण असल्या लोकांना उपकार कळत नाहीत."

मी पेन खाली ठेवलं.

"ह्या गाडीचं कधी काही बदललंय का? काचा, दरवाजे, टाकी, इंजिन?"

"काही नाही. आली तशी आहे."

"मग तसं लिहून द्या," मी कोरा कागद पुढं सरकवला. "कुणी हरकत घेतली तर मालकाच्या हातचं असलेलं बरं असतं."

खोटं नव्हतं ते, सगळ्यांकडूनच मी लिहून घ्यायची. त्यांनी हसत हसत लिहिलं. सत्तावीस नंबरची ही गाडी एकोणीसशे सत्तेचाळीस सालापासून आमच्या घरात आहे, दरवाजे, काचा, टाकी, इंजिन यांपैकी काहीही बदललेलं नाही. खाली लफ्फेदार सही, तारीख.

"गुरुवारी या," मी म्हणाले.

ते गेले. मी उठून गाडीजवळ गेले, आणि बराच वेळ तिला हात लावायचं धाडस झालं नाही.

शामराव जेवायला आले तेव्हा मी सीटची पाठ काढून ठेवली होती. तिच्यामागं आडवी पेट्रोलची टाकी होती. मी टाकीवर तळहात ठेवून बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"टाकी केबिनमध्ये आहे," मी म्हणाले. "सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या गाडीत ती हौद्याखाली असायची. केबिनमध्ये आली एकोणपन्नासला."

"म्हणजे गाडी सत्तेचाळीसची नाही."

"दरवाजे बघा."

दरवाज्यात एकच सलग काच होती, जुन्या मॉडेलला असते तशी. पण आतल्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात, रंगाखाली काहीतरी खडबडीत लागत होतं. मी पातं लावून तिथला रंग खरवडला. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. लांबी निघाली तशी भोकं दिसली, वर एक, खाली एक. तिथं पूर्वी त्रिकोणी छोटी काच होती, वाऱ्यासाठी फिरवून उघडायची. ती काढून, भोकं बुजवून, कुणीतरी ओबडधोबड हातानं सलग काच बसवली होती. ती छोटी काच कंपनीनं पहिल्यांदा दिली एक्कावन्न साली. आणि दरवाज्याचं हँडल खाली दाबायचं होतं. बावन्नला ते जाऊन बटणाचं आलं. म्हणजे एक्कावन्नच्या आधीची नाही आणि नंतरचीही नाही.

शामराव इंजिनपाशी वाकले, चिंधीनं ओतकामावरचा मळ पुसला. "सी, चौदा, एक," त्यांनी वाचलं.

"सी, तिसरं अक्षर, म्हणजे मार्च. चौदा तारीख. एक म्हणजे एक्कावन्न," मी म्हणाले, आणि मला एकाएकी रडू फुटलं.

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली होती. मी गाड्यांमध्ये एवढी का बुडालेली असते, हे शामरावांनी कधी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. माझे वडील अपघातात सापडले, तुरुंगात गेले, नंतर वारले, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"हळदणकरांची दुसरी गाडी घाटात गेली, तिचा ड्रायव्हर," मी म्हणाले, "सटुप्पा गावडे. माझा बाप."

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

आमचं गाव गवसवाडी, घाटाच्या माथ्यावर. तिथल्या जंगलात लाकूड तुटायचं आणि घाटाखाली फाट्यावर हळदणकरांची वखार होती, तिथं उतरायचं. बाबा त्यांच्याकडं बारा वर्षं ड्रायव्हर होते. जुन्या पिकअपचे ब्रेक गेले होते. पासिंगच्या साहेबानं तिला पास करायला साफ नकार दिला होता. नवीचा एक्सल मोडून ती शेडमध्ये पडलेली. पावसाळा तोंडावर, लाकूड वर अडकलेलं. बाबा कामावर गेले तर जुन्या गाडीवर नवीच्या नंबरची पाटी. बाबा म्हणाले, मालक, हिला उतारावर ब्रेक लागत नाहीत. मालक म्हणाले, हळू चालव, चार खेपांचा प्रश्न आहे. नाहीतर किल्ली ठेव आणि घरी जा.

बाबांनी किल्ली ठेवली नाही. हे मी त्यांच्या बाजूनं झाकत नाही. घरात आम्ही पाच खाणारे होतो.

तिसऱ्या खेपेला तिसऱ्या वळणावर गाडी सुटली. लाकडांवर माणसं बसलेली होती. बाबा दरवाज्यातून बाहेर फेकले गेले, वाचले. बाबाजी घोळसे, सोमा नाईक आणि धाकू सुतार गाडीबरोबर खाली गेले. तिघंही आमच्याच वाडीचे. पुढं पावसात त्या कड्याची दरड कोसळली आणि गाडी मातीखाली गाडली गेली. सापडलेली होती फक्त पाटी. चाळीस नंबरची.

कोर्टात दिगंबरनं साक्ष दिली. चोवीस वर्षांचा होता तेव्हा. म्हणाला, सकाळी मी हजर होतो, ड्रायव्हरनं नवी गाडी नेली, ब्रेक उत्तम होते, त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. माझ्या बापानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, माळकरी होता. बाबा पिंजऱ्यातून ओरडले, साहेब, पाटी बदललीया, नवी गाडी शेडातच हाय! न्यायाधीश भले होते. त्यांनी माणूस पाठवून शेड बघायला लावली. माणूस परत येऊन म्हणाला, शेडमध्ये सत्तावीस नंबरची जुनीच गाडी आहे, दरवाज्याला सलग काच आहे. बाबा म्हणाले, काच बदलली असंल, टाकी बघा. पण मालकानं करून दिलेल्या वकिलानं त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

दोन वर्षांची शिक्षा झाली. वाडीनं आम्हाला विहिरीवर पाणी बंद केलं. धाकूची बायको, गंगूकाकी, रोज सकाळी आमच्या दारासमोर उभी राहून बोटं मोडायची. आई आम्हाला घेऊन कोल्हापुरात आली. बाबा सुटून आले ते एका गॅरेजमध्ये रॉकेलनं पार्ट धुवायला लागले. पुन्हा स्टेअरिंगला हात लावला नाही. पण मला शिकवलं, शेजारी बसून चालवायलाही. "मालू, जुनीची टाकी हौद्याच्या खाली व्हती," ते सांगायचे. "नवीची सीटच्या पाठीमागं. नवी चालवताना पाठीला पेट्रोल डुचमळल्यालं कळायचं." त्रिकोणी काच, दिव्याची कडी, पायपट्टी, सगळं. इतर मुलींना ओव्या पाठ असतील, मला दोन गाड्यांमधला फरक पाठ होता. एकाहत्तर साली ते गेले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "ती शेडात हाय. कुटं जात न्हाय."

मी दोनदा वखारीवर गेले होते. एकदा भंगार घेणारी म्हणून, एकदा जनगणनेची बाई म्हणून. दोन्ही वेळा राखणदारानं फाटकातून परत पाठवलं.

शामराव माझ्याजवळ जमिनीवर बसले. "मग आता कोर्टात जायचं?"

"एकतीस वर्षांनी? न्यायाधीश मेले, वकील मेला, मालक मेला, बाबा मेले. कोर्टाला काय करायचंय?"

"वर्तमानपत्रात देऊ."

"एक दिवस लोक वाचतील, दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधून देतील." मी डोळे पुसले. "मला त्याचं तोंड पाहिजे. ज्या तोंडानं त्यानं साक्ष दिली, त्याच तोंडानं ते परत घ्यायला पाहिजे. ज्यांनी बाबांना शाप दिले त्यांच्यासमोर."

शामरावांनी मला समजवायचा प्रयत्न केला नाही. फक्त म्हणाले, "तिकडं जाणार असशील तर हिचे ब्रेक मी तपासून देतो."

गुरुवारी हळदणकर आले ते पेढे घेऊन. मी पुडा टेबलाच्या कडेला ठेवला आणि टाइप केलेला कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांची सुपारी चघळायची थांबली.

"एक्कावन्न? काहीतरी चुकतंय बाई तुमचं."

"टाकी चुकत नाही. ओतकामातली तारीख चुकत नाही. दरवाज्यातली भोकं लांबी भरून बुजवलीत, ती काय गाडीनं स्वतः बुजवली?"

"इंजिन बदललं असेल कधीतरी. वडिलांनी."

"काहीच बदललेलं नाही, हे तुम्हीच लिहून दिलंय. सही करून."

त्यांनी कागद उलटा करून बघितला. अंगणात शामराव कानसीनं काहीतरी घासत होते.

"ही एक्कावन्नची, म्हणजे चाळीस नंबरची," मी सावकाश म्हणाले. "मग सत्तेचाळीसची कुठं गेली, दिगूशेठ?"

फाट्यावर त्यांना लहानपणापासून दिगूशेठ म्हणायचे. कोल्हापुरात हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी मान वर करून पहिल्यांदा मला नीट पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"तुमच्या वखारीवर बापाला भाकरी घेऊन येणारी एक पोरगी होती. तुम्ही तिला एकदा पेरू दिला होता."

त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. "सटुप्पाची मालू?"

"होय."

त्यांनी चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, वडिलांनी सांगितलं तसं केलं, मी पोर होतो. म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. म्हणाले, काय पाहिजे ते सांग. ह्यातल्या प्रत्येक वाक्याची मी एकतीस वर्षं वाट बघितली होती आणि प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर तयार होतं. पण मी एकही उत्तर दिलं नाही. ते बोलून दमेपर्यंत मी थांबले.

"रविवारी सकाळी इथं या," मग मी म्हणाले. "ह्याच गाडीतनं आपण गवसवाडीला जायचं. तुम्ही चालवायची. तीन घरांच्या उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं, काय केलं ते. मग मी हा कागद कुणाला दाखवणार नाही."

"आणि नाही आलो तर?"

"तर मेळाव्याच्या दिवशी तुमच्या स्वागताच्या भाषणाआधी हा कागद आणि तुमच्या सहीचा कागद, दोन्ही प्रत्येक खुर्चीवर ठेवलेले असतील. मी आतापर्यंत कुणाला खोटं साल दिलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे."

रविवारी ते आले. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. मी झोपले होते, आणि चांगली झोपले होते.

फाट्यापर्यंत त्यांनीच गाडी चालवली. घाट चढताना त्या तिसऱ्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली. कठड्यापलीकडं दरडीच्या मातीवर आता कारवी आणि घाणेरी माजली होती.

"मी त्या दिवशी गाडीतच होतो," ते एकदम म्हणाले. "वरनं निघताना. पहिल्या वळणावर उतरलो. चपलेचा अंगठा तुटला म्हणून. सटुप्पा म्हणाला, दिगूशेठ, तुमी चालतच या, हिचं काय खरं न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे त्यानं तुमचा जीव वाचवला."

"होय."

"आणि तुम्ही म्हणालात, त्याच्या तोंडाला वास येत होता."

त्यांनी गिअर बदलला.  इतक्या वर्षांत माझ्या रागाला धार कमी-जास्त झाली असेल, पण त्या वळणावर तो नवा झाला.

घोळशांच्या घरी बाबाजीचा नातू होता, पंचविशीचा, दुचाकी पुसत होता. हळदणकरांनी हात जोडून सांगायला सुरुवात केली. त्यानं मध्येच थांबवलं. "कोण, आमचं आजोबा? फोटोबी न्हाय त्यांचा घरात. तुमी च्या घ्या." त्याला काही देणंघेणं नव्हतं. मला हे अपेक्षित नव्हतं. हळदणकरांच्या चेहऱ्यावर किंचित सुटल्यासारखं दिसलं आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

नाइकांच्या घरी सोमाचा धाकटा भाऊ ओसरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग उठला, आत गेला आणि दार लावून कडी घातली. आम्ही ओसरीवरून उतरलो. 

तोपर्यंत वाडीत कुणकुण पोचली होती. हळदणकरांची गाडी आली, सटुप्पाची पोरगी बरोबर आहे. सुतारांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. गंगूकाकी जोत्यावर बसली होती, सत्तरी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंगं. मला बघून म्हणाली, "कोन गं?"

"सटुप्पाची मालू, काकी."

तिनं तोंड फिरवलं. "हितं कशाला आलीस?"

"हे काय सांगतात ते ऐक. मग जाते."

हळदणकर खालच्या आवाजात म्हणाले, "काकी, त्या वेळी आमच्याकडून चूक झाली."

"चूक नाही," मी म्हणाले. "काय केलं ते सांगा. पाटी कुणी बदलली?"

"वडिलांनी सांगितलं."

"कुणी बदलली?"

"मी."

"कुठल्या गाडीवर लावली?"

"जुन्या. ब्रेक नसलेल्या."

"सटुप्पाला ठाऊक होतं?"

"होय. तो नको म्हणाला होता. वडिलांनी सांगितलं, नाहीतर घरी जा."

"शेडमधल्या गाडीची काच?"

"मी बदलली. तपासणीच्या आदल्या दिवशी. मेस्त्री बोलावला नाही, स्वतः केलं."

"आणि दारू?"

 हळदणकरांच्या गालावरून घाम ओघळला.

"नव्हती. कधीच नव्हती."

गंगूकाकी म्हणाली, "मोट्यानं बोल. मला ऐकू कमी येतं."

त्यांनी परत सांगितलं. काकी म्हणाली, "आनि एकदा." तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला. काकी जोत्याला धरून उठली. मला वाटलं, आता चप्पल काढणार. ती त्यांच्याजवळ गेलीच नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला हे ठावं व्हतं?"

"बाबांनी सांगितलं होतं."

"मग मला का न्हाई सांगितलंस? मी त्याच्यावर किती बोटं मोडली. तुरुंगातनं सुटल्यावर आला व्हता माज्या दारात. म्हनला, गंगू, मी न्हाई मारलं गं धाकूला. मी त्याच्या अंगावर शेणाचं पाणी टाकलं."

"मी सांगितलं असतं, तर तू खरं मानलं असतंस?"

ती विचार करत राहिली. "न्हाई," म्हणाली. मग हळदणकरांकडं न बघता म्हणाली, "ह्याला आता हितनं न्हे. ह्याचं पाय माज्या अंगणात नकोत."

परतताना हळदणकर स्टेअरिंगमागं बसले. किल्ली लागेना. मी म्हणाले, "सरका. मी चालवते."

"तुला येते?"

"माझ्या बापानं शिकवली."

ते डावीकडं सरकले. मी गाडी काढली. माथ्यावर रस्ता सपाट होता, तिथं मी सावकाश चालले. पाठीमागं टाकीत पेट्रोल डुचमळत होतं, मला पाठीला कळत होतं. मग उतार लागला. पहिल्या वळणानंतर मी गिअर काढला आणि पाय ब्रेकवरून उचलून बाजूला ठेवला.

गाडीनं वेग घेतला. आधी त्यांच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी माझ्या पायाकडं पाहिलं.

"मालू, ब्रेक."

 दुसरं वळण आलं, टायर किंचाळले, हौद्याच्या फळ्या दणदणल्या. त्यांनी दोन्ही हातांनी दरवाजा धरला. दरवाज्याच्या काचेवर त्यांच्या बोटांचे ओले ठसे उमटत होते.

"मालू, मी सांगितलं ना सगळं! तू म्हणालीस तसं सांगितलं! मालू, पाया पडतो!"

खरं सांगते, त्या दोन वळणांमधल्या उतारावर मला काय करायचंय, हे मलाही ठाऊक नव्हतं. घरी शामराव होते, माझी मुलगी बारावीला होती. त्यातलं काही मला आठवलं नाही. तिसऱ्या वळणाचा पांढरा कठडा समोर मोठा मोठा होत आला. हळदणकरांनी डोळे मिटले आणि आईला हाक मारली.

मी ब्रेक दाबला. गाडी थरथरली, मागून थोडी सरकली आणि कठड्याच्या दोन हात अलीकडं उभी राहिली. धूळ पुढं निघून गेली. ते रडत होते, पंचावन्न वर्षांचा माणूस, हुंदके देऊन.

"बघा," मी म्हणाले. "ह्या गाडीला ब्रेक लागतात. माझ्या बापाच्या हातात ही द्यायला पाहिजे होती."

किल्ली मी त्यांच्या मांडीवर टाकली, उतरले आणि फाट्याच्या दिशेनं चालू लागले. अर्ध्या तासानं गवसवाडीहून एसटी आली, तिला हात केला. कागद मी कुणालाही दाखवला नाही, दिलेला शब्द पाळला. मेळाव्याला त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं.

गाडी तिथून चालवायचा त्यांना धीर झाला नाही. कुणातरी मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून ते खाली आले आणि ती न्यायला चार दिवस कुणी फिरकलं नाही. त्या चार दिवसांत वाडीच्या अंगणातली गोष्ट घाटातल्या प्रत्येक गावात पोचली. पुढं गंगूकाकी मला भेटायला कोल्हापूरला आली, तेव्हा तिनं सांगितलं. तिसऱ्या वळणावर एसटी हळू व्हायची, माणसं खिडक्यांतून बघायची, आणि कंडक्टर हात करून दाखवायचा. ही वर हाय ती एक्कावन्नची. सत्तेचाळीसची खाली हाय.